गारठलेलं पिल्लू

लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मावळातल्या गोठ्यांत, पडव्यांत जन्मलेल्या मांजरीच्या पिल्लांच्या जिवावर तो बेततो. पहिले तीनेक आठवडे त्यांना अंगातली ऊब टिकवता येत नाही. गारठलेलं पिल्लू दिसलं की आपण आधी दूध पाजतो, आणि तिथंच घात होतो. थंड शरीरात आतडी मंदावतात. दूध पचत नाही, श्वासनलिकेतही जाऊ शकतं. आधी फडक्यात गुंडाळून हळूहळू ऊब द्या. शिंका, चिकटलेले डोळे यामागे बहुधा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणू असतो, पशुवैद्याकडे न्या. कृपा करून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. ती निकामी करणारं विकर मांजराच्या यकृतात फारच कमी असतं. एक गोळीही जीव घेऊ शकते.