चौकोनी घरं गोल का झाली?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून पंधराएक वर्षं उत्खनन केलं. हाती आली ती एका गावाची जवळजवळ नऊशे वर्षांची कहाणी, आणि तीही लिपी नसलेल्या माणसांची!

इसवीसनपूर्व १४०० ते १००० हा या गावाचा भरभराटीचा काळ. मातीच्या भिंतींची ऐसपैस चौकोनी घरं, शेजारी धान्याची कोठारं. मुख्य पीक सातूचं. नदीच्या पुराचं पाणी वळवून घेण्यासाठी गावकऱ्यांनी पाट खणला होता, त्याला दगडमातीचा बांधही घातला होता. पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात तीन हजार वर्षांपूर्वी केलेली ही पाण्याची तजवीज पाहिली की मन थक्क होतं.

हे गाव ज्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीचं, तिची तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांतली गावं मग इसवीसनपूर्व १००० च्या सुमारास ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात मात्र इनामगाव तगून राहिलं, पण आधीसारखं नाही. चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. मडक्यांचा घाट खालावला. शेती आक्रसली, गुरांपेक्षा शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भिस्त वाढली. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला, की हवामान कोरडं पडत गेलं आणि शेतकरी हळूहळू भटके पशुपालक होत गेले. जमिनीत उरलेल्या खांबांच्या खळग्यांवरून घराचा आकार कळावा आणि त्या आकारावरून पावसाचा अंदाज बांधता यावा, याचं मला अजून नवल वाटतं.

या बदलाची खरी झळ कोणाला बसली, हेही तिथेच समजतं. इथे दोनशेहून अधिक दफनं सापडली, त्यांतली बरीचशी लहान मुलांची. मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, आत त्याचा देह, आणि हे सगळं घराच्याच जमिनीखाली पुरत. आईबापांनी लेकराला असं उंबऱ्याच्या आत ठेवलं म्हणून ती नाजूक हाडं आपल्यापर्यंत पोहोचली. प्राचीन हाडांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी ती अभ्यासली, तेव्हा उत्तरकाळातली मुलं उंचीच्या मानाने हडकुळी असल्याचं दिसलं. गाव टिकलं खरं, पण पोरांच्या पोटाला चिमटा बसत होता.

याच संशोधिकेने दुष्काळाच्या सरळसोट स्पष्टीकरणावर शंकाही घेतली आहे. हा मुलूख आधीपासूनच कोरडा होता. मग एकाएकी पडलेल्या अवर्षणावर सगळा ठपका ठेवता येईल का? मला ही शंका मोलाची वाटते. पिढ्यान्पिढ्या त्याच जमिनीतून पीक काढताना, त्याच रानात गुरं चारताना आणि तिथलंच सरपण तोडताना त्या मातीचं काय झालं असेल, हाही प्रश्न मग विचारावा लागतो. तरीही त्या झोपड्यांत माणसं पुढे तीनेकशे वर्षं राहिली आणि इसवीसनपूर्व ७०० च्या सुमारास त्यांनी गाव सोडलं.