नकाशावरील मापे : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याची शेड असो, वा इंदापूर तालुक्यातील एखाद्या बागायतदाराने आपल्या मळ्यात बांधावयास काढलेला बंगला असो, त्याचा नकाशा आता टी-स्क्वेअर आणि शाईच्या लेखणीने रेखला जात नाही; १९८२ साली बाजारात आलेल्या ऑटोकॅडने आणि पुढे आलेल्या रेव्हिटसारख्या प्रणालींनी ते काम संगणकाकडे सोपविले आहे. दोन टोकांवर निर्देश करावा आणि मधले अंतर आपोआप लिहून यावे, ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की माप देणे हे आरेखनविद्येचे एक स्वतंत्र आणि जबाबदारीचे अंग आहे, याचा विसर पडू लागला आहे. संगणक अंतर मोजतो. परंतु कोणते अंतर, कोठपासून, कोणासाठी आणि किती बारकाईने लिहावे, याचा निवाडा नकाशा काढणारालाच करावा लागतो. या विस्मरणातून जे गैरसमज रूढ झाले आहेत, त्यांचा येथे क्रमाने परामर्श घेऊ.

गैरसमज १ : संगणकाने दाखविलेला आकडा चुकीचा असूच शकत नाही.

वस्तुस्थिती : प्रणाली मोजते ती पडद्यावर काढलेली रेषा; जागेवरील भिंत किंवा शेजाऱ्याची हद्द तिला ठाऊक नसते. सदोष मोजणीवर कितीही सूक्ष्म गणित रचले तरी ते व्यर्थ जाते, याचा दाखला इंदापूरच्याच दप्तरात आहे. १८३० च्या सुमारास प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ हिस्सा सरकारचा, अशा तत्त्वावर पुणे जिल्ह्यात सारा बसविला; त्यासाठी उत्पन्नाची कोष्टके अतिशय परिश्रमपूर्वक तयार झाली होती, परंतु जमिनीची मोजणी ढोबळ चुकांनी भरलेली आणि उत्पन्नाचे अंदाज निराधार निघाल्यामुळे तो सगळा खटाटोप रयतेला जाचक आणि सरकारला निरुपयोगी ठरला. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच इंदापूर तालुक्यात काम नव्याने आरंभिले, आणि तेथे सिद्ध झालेली पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा पाया बनली.

आजच्या आरेखकाने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा मिळवावा, जागेवर स्वतः टेप धरावी, आणि चार बाजूंबरोबर दोन्ही कर्ण अवश्य मोजावेत. कारण चारही बाजू जुळूनही चौकोन तिरपा असू शकतो, आणि हा तिरपेपणा कर्णावाचून उघड होत नाही. आकडे पूर्णांकित करून दाखविण्याची सोयही जपूनच वापरावी. सात मीटरचे तीन समान भाग केले तर प्रत्येक भाग २.३३ असा लिहून येतो आणि बेरीज ६.९९ भरते, नकाशावर मात्र एकूण माप ७.०० असे झळकत राहते.

गैरसमज २ : एकक कोणतेही असो, संगणक ते सांभाळून घेतो.

वस्तुस्थिती : दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून त्याचा अंमल सुरू झाला; तथापि या भागातील एकाच बांधकामाच्या कागदपत्रांत आजही तीन मापपद्धती नांदतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, व्यवहार गुंठ्यांत ठरतो, परवानगीचा नकाशा मीटरमध्ये दाखल होतो आणि गवंडी फूट, इंच व सूत यांतच विचार करतो. एक गुंठा म्हणजेच एक आर, ही समजूत सर्रास आढळते. वास्तविक ३३ फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, तो १०८९ चौरस फूट अर्थात १०१.१७ चौरस मीटर भरतो, तर आर नेमका १०० चौरस मीटरचा असतो. वीस गुंठ्यांच्या भूखंडात हा फरक सुमारे २३.४ चौरस मीटर, म्हणजे अडीचशे चौरस फुटांहून अधिक होतो.

तीच गोष्ट लांबीची. दहा फूट म्हणजे ३.०४८ मीटर, ते कोणी ३.०५ लिहिले तर दहा गाळ्यांच्या रांगेत दोन सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि ३.०० लिहिले तर जवळजवळ अर्ध्या मीटरचा. म्हणून फाइल उघडताच प्रथम एककाची निश्चिती करावी, दुसऱ्याकडून आलेला नकाशा जोडल्यावर एखादे ज्ञात अंतर मोजून पाहावे, आणि सर्व मापे कोणत्या एककात आहेत, हे नकाशाच्या चौकटीत स्पष्ट नमूद करावे.

गैरसमज ३ : जितकी मापे अधिक, तितका नकाशा स्पष्ट.

वस्तुस्थिती : तांत्रिक आरेखनातील मापांविषयीच्या भारतीय मानकाचा रोख याच्या उलट आहे : आवश्यक ते प्रत्येक माप द्यावे, परंतु ते एकदाच द्यावे. एकच अंतर दोन ठिकाणी लिहिले की पुढच्या दुरुस्तीत एक आकडा बदलतो, दुसरा तसाच राहतो, आणि जागेवर कोणता प्रमाण मानावा याचा कज्जा उभा राहतो. रूढ आणि सोयीची मांडणी अशी, की इमारतीच्या बाहेर तीन ओळी असाव्यात. भिंतीलगतच्या ओळीत दारे-खिडक्यांची मापे, मधल्या ओळीत कॉलमच्या अक्षांची, आणि सर्वांत बाहेर एकूण लांबी. मापांच्या रेषा शक्य तोवर परस्परांना छेदू नयेत आणि आकडे नकाशाच्या खालून किंवा उजवीकडून वाचता यावेत. लाइनआउट देताना गवंड्याला बेरीज-वजाबाकी करावी लागली, तर ती चूक होण्याची शक्यता आरेखकानेच त्याच्या पदरात टाकली असे समजावे.

गैरसमज ४ : भिंतीचे माप कोठूनही घेतले तरी फारसे बिघडत नाही.

वस्तुस्थिती : नऊ इंची, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर जाडीच्या दोन भिंतींच्या अक्षांमध्ये ३.०० मीटर अंतर असेल, तर विटेपासून विटेपर्यंत मोकळी जागा २.७७ मीटर उरते, आणि दोन्ही बाजूंस १२ मिलिमीटरचे प्लॅस्टर चढल्यावर ती २.७५ च्याही किंचित खाली येते. तिन्ही आकडे आपापल्या परीने खरेच. प्रश्न असतो तो वाचणाराला कोणता अभिप्रेत आहे हे कळण्याचा. राष्ट्रीय बांधकाम संहितेने राहण्याच्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर सांगितली आहे. अक्षापासून अक्षापर्यंत २.६० मीटर धरून निश्चिंत झालेल्या आरेखकाची खोली प्रत्यक्षात २.३७ मीटरच भरते आणि नियमात नापास होते. विक्रीच्या सदनिकेत तर २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमातील कार्पेट क्षेत्राची व्याख्या आडवी येते. तिच्यानुसार अंतर्गत विभाजक भिंतींखालची जागा क्षेत्रात धरली जाते आणि बाहेरच्या भिंतींखालची वगळली जाते. रेव्हिटमध्ये भिंतीचा अक्ष, तिचा गाभा किंवा अंतिम पृष्ठभाग यांपैकी काय मोजावयाचे, हे निवडता येते. कॉलमची मापे अक्षांपासून आणि भिंतींची प्लॅस्टरविरहित पृष्ठभागापासून द्यावीत. जी पद्धत स्वीकारली असेल ती टिपेत लिहावी आणि शेवटच्या पानापर्यंत पाळावी.

गैरसमज ५ : आकडा जुळत नसेल, तर हाताने हवा तो लिहून टाकावा.

वस्तुस्थिती : ऑटोकॅड ही मुभा देते, आणि तेथेच अनर्थाचे बीज आहे. हाताने लिहिलेला आकडा रेषेशी असलेले नाते तोडतो. पुढे भिंत सरकली तरी तो मुकाट्याने जुनेच सांगत राहतो. मापाचे विघटन करून त्याच्या सुट्या रेषा व अक्षरे केली, तरीही परिणाम तोच. रेव्हिटमध्ये मापाच्या जागी दुसरा अंक लिहू गेल्यास प्रणाली तो नाकारते. शिवाय बांधकाम परवानगीसाठी नकाशाची छाननी आता संगणकाकडून होऊ लागली असून, ऑटोडीसीआरसारख्या प्रणाली ठराविक स्तरांवरील बंद आकृत्या मोजून क्षेत्रफळ आणि सोडावयाची अंतरे काढतात. वर लिहिलेला शोभेचा आकडा त्यांच्या खिजगणतीत नसतो. तेव्हा आकडा खटकला तर रेषा दुरुस्त करावी.

गैरसमज ६ : नकाशा प्रमाणात आहे, माप लिहिले नसेल तर पट्टी लावून काढता येते.

वस्तुस्थिती : १:१०० प्रमाणाचा नकाशा ए-१ आकाराच्या कागदासाठी तयार केला आणि छपाईच्या दुकानात ए-३ वर घेतला, की त्याचे प्रमाण १:२०० होते, आणि अडीच मिलिमीटर उंचीचे अक्षर सव्वा मिलिमीटरवर येऊन उन्हात वाचेनासे होते. कागदात मावेल तसे छापण्याचा पर्याय निवडला, तर प्रमाण कोणतेच उरत नाही. मोबाइलवर पाठविलेल्या छायाचित्राविषयी तर बोलावयासच नको. म्हणून लिहिलेलेच माप ग्राह्य, पट्टीने मोजू नये, ही सूचना प्रत्येक पानावर असावी. अक्षरांची उंची छापील कागदाच्या हिशेबाने ठरवावी; २००८ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅडमध्ये प्रमाणानुसार अक्षरे आपोआप लहानमोठी करणारी सोय उपलब्ध आहे, तिचा उपयोग करावा.

गैरसमज ७ : परवानगी मिळाली, म्हणजे तोच नकाशा बांधकामालाही पुरे.

वस्तुस्थिती : डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे नगरपरिषदेत दाखल होणारा नकाशा समासातील अंतरे, उंची आणि क्षेत्रफळ यांचा हिशेब देतो. फुटिंग किती खोल, प्लिंथची पातळी कोणत्या खुणेपासून, खिडकीची सिल आणि लिंटल कोठे, हा तपशील त्यात सहसा नसतो. त्यासाठी कामाचे निराळे नकाशे लागतात. नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणीखालील काळ्या, फुगणाऱ्या जमिनीत तर पायाच्या खोलीचा आकडा निव्वळ कागदावरून अंतिम मानणे धोक्याचे आहे. तेथे किमान खोली लिहून, कठीण थर लागल्यावर अभियंत्याच्या मंजुरीनेच काँक्रीट टाकावे, अशी टीप मापाच्या शेजारीच असावी.

नकाशा जागेवर धाडण्यापूर्वी त्याची एक परीक्षा अवश्य घ्यावी. तो छापून, संगणक बंद करून, ज्याने तो काढलेला नाही अशा सहकाऱ्यासमोर ठेवावा आणि केवळ टेप, लाइनदोरी व गुण्या हाताशी आहेत असे समजून प्रत्येक भिंतीचा आरंभ, जाडी, उंची आणि शेवट कागदावर बोट ठेवून सांगावयास लावावे. जेथे तो अडखळेल, तेथे माप उणे आहे. जेथे त्याला दोन उत्तरे मिळतील, तेथे एक माप अधिक आहे.