ईल्स आजार: रक्त ओसरलं म्हणजे डोळा बरा झाला?

विशी-तिशीतल्या धडधाकट मुलाच्या एका डोळ्यापुढे अचानक काळ्या तारा तरंगू लागतात, आणि काही तासांत सगळं धूसर होतं. डोळा लाल नाही, दुखत नाही, आरशात काही दिसत नाही. घरचे मोबाइलला किंवा उष्णतेला बोल लावतात. यातल्या कशानेही हा आजार होत नाही.

बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये तरुण पुरुषांत डोळ्याच्या आत वारंवार होणाऱ्या अशा रक्तस्रावाची नोंद केली. त्या रुग्णांना बद्धकोष्ठता होती, नाकातून रक्तही यायचं. तो संबंध पुढे टिकला नाही. जगात दुर्मीळ असलेला हा आजार भारतीय उपखंडात मात्र त्या मानाने जास्त आढळतो.

खरा घोटाळा होतो तो पुढे. बरेचदा काही आठवड्यांत रक्त आपोआप शोषलं जातं, दिसू लागतं आणि मुलगा दवाखान्याची वाट विसरतो. आत काय चाललेलं असतं? डोळ्यातल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कडेच्या शिरा सुजून बंद पडलेल्या असतात. रक्त न मिळणारा तो भाग नव्या रक्तवाहिन्यांना आवतण देतो. त्या इतक्या नाजूक की पुन्हा फुटतात, आणि त्यांच्यासोबत वाढणारा तंतुमय पापुद्रा पडदा ओढून सोडवूही शकतो. म्हणजे ज्या काळात रुग्णाला छान दिसतं, नेमक्या त्याच काळात उपचार करायचे असतात.

उपचार म्हणजे बहुधा लेझर. बाहुली मोठी करणारे थेंब, हनुवटी टेकवून बसणं, डोळ्याला लावलेलं भिंग आणि हिरवे लखलखाट. ‘लेझर केला तरी नजर सुधारली नाही’ ही तक्रार नेहमीची. पण तो नजर वाढवायला नसतोच, नव्या रक्तवाहिन्या सुकवून पुढचा रक्तस्राव टाळायला असतो. शिरांना सूज असेल तर स्टेरॉइड लागतं, आणि ते मनाने बंद करणं घातक. रक्त काही महिने हटलंच नाही किंवा पडदा ओढला जाऊ लागला, तर व्हिट्रेक्टमी, म्हणजे डोळ्यातला रक्ताळलेला द्रव काढण्याची शस्त्रक्रिया.

या आजाराचा संबंध क्षयाशीही जोडला जातो, आणि क्षयाचं नाव निघालं की घरात भांडी वेगळी होतात. तसं करायचं काहीच कारण नाही. काही रुग्णांच्या डोळ्यात क्षयजंतूचे जनुकीय अंश सापडले आहेत, पण बहुतेकांच्या फुप्फुसात क्षय नसतो आणि डोळ्यातून तो पसरत नाही. क्षयाची मँटू चाचणी तर आपल्याकडे निरोगी माणसांचीही पॉझिटिव्ह येते. त्यामुळे क्षयाची औषधं सरसकट द्यावीत की नाही, यावर डॉक्टरांतच मतभेद आहेत. ईल्सचं निदान इतर कारणं वगळूनच होतं: मधुमेह, सार्कॉइड, आणि विदर्भातला किंवा नंदुरबारकडचा रुग्ण असेल तर सिकलसेल आवर्जून.

अनेकांत पुढेमागे दोन्ही डोळे सापडतात. म्हणून तक्रार एकाच डोळ्याची असली तरी पडद्याचे डॉक्टर दुसऱ्यातही थेंब घालून कडेपर्यंत तपासतात.