घरगुती ध्वनिमुद्रणांतील खरखर

घरांत वृद्ध आजीबाई आहेत. जात्यावरच्या शेंदोनशें ओव्या त्यांना मुखोद्गत आहेत. त्यांच्यामागें त्या ओव्या लोपूं नयेत म्हणून नातवानें एक मायक्रोफोन व ‘ऑडिओ इंटरफेस’ नांवाची लहानशी पेटी विकत आणिली आहे, अशी कल्पना करावी. एका दुपारीं आजीबाई दोन तास मन लावून गातात. रात्रीं नातू तें मुद्रण ऐकावयास बसतो, तों प्रत्येक ओवीच्या मागें ‘घूंऽऽ’ असा अखंड स्वर! तो दुसरा, अधिक महाग मायक्रोफोन आणितो, घूं तशीच. पेटी बदलितो, घूं तशीच. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार. निदान होण्यापूर्वीं औषध घेतलें म्हणजे पैसा जातो आणि रोग राहतो. येथें तर पैशाहून मोठी वस्तु पणास लागलेली असते. कारण आजीबाईंचा कंठ पुनः तसाच लागेल, हें कोणीं सांगावें?

ही पेटी करिते काय, तें प्रथम पाहिलें पाहिजे. मायक्रोफोन ध्वनीचें रूपांतर विजेंत करितो. पण ती वीज फारच क्षीण. तोंडाजवळ धरलेल्या साध्या डायनॅमिक मायक्रोफोनमधून एकदोन सहस्रांश व्होल्टच मिळतात. पेटी ती वीज शेंकडों पटींनीं, प्रसंगीं हजार पटींनीं वाढविते. नंतर दर सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० वेळां तिचें माप घेऊन ते आंकडे यूएसबीच्या तारेनें संगणकाकडे धाडिते. वाढविण्याच्या या कामीं पेटीजवळ आपपरभाव नाहीं. आवाजाबरोबर तारेंत जें कांहीं उपरें शिरेल, तेंहि तितक्याच पटींनीं वाढतें. म्हणून उपरा कोणत्या दारानें शिरला, हें शोधणें हेंच खरें काम.

पहिला प्रश्न असा, कीं दोष मुद्रणांतच आहे, कीं केवळ ऐकतांना येतो? याचें उत्तर सोपें आहे. तेंच मुद्रण मोबाइलवर घेऊन हेडफोन लावून ऐकावें. तेथें तें स्वच्छ असेल, तर मायक्रोफोन निर्दोष. दोष स्पीकरच्या बाजूस. अशा वेळीं बहुधा संगणक एका भिंतींतील विजेवर आणि स्पीकर दुसऱ्या भिंतींतील विजेवर चालत असतो. दोघांनाहि जमिनीकडे जाणारी आपापली तार असते, आणि ध्वनीच्या तारेनें ते एकमेकांसहि जोडलेले असतात. त्यामुळें एक बंद वेटोळें तयार होऊन त्यांतून विजेचा लहानसा प्रवाह फिरूं लागतो. यास ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. दोन्ही यंत्रें एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लाविलीं कीं पुष्कळदां हा दोष जातो.

तेवढ्यानें न गेल्यास ‘बॅलन्स्ड’ जातीची तार वापरावी. तिची युक्ति शाळेंतील वजाबाकीची आहे. तिच्यांतील दोन तारांतून तोच ध्वनि उलटसुलट चिन्हांनीं जातो. एकींत ५ असेल तर दुसरींत उणे ५. वाटेंत दोहोंत उपरे २ शिरले, तर ७ आणि उणे ३ होतात. पलीकडचें यंत्र यांची वजाबाकी करितें. उत्तर १० येतें, आणि उपरे दोन आपोआप नाहींसे होतात.

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. तीन पिनांच्या प्लगांतील जाड, लांब पिन काढून टाकिली कीं घूं थांबते, असें सांगणारे उपदेशक जागोजाग भेटतात. घूं कदाचित् थांबेलहि. परंतु ती पिन जीवरक्षणासाठीं आहे. यंत्रांत बिघाड होऊन त्याच्या धातूच्या अंगांत वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जाण्याची वाट त्या पिनेंतून मिळते. ती वाट बंद केल्यावर उरलेली वाट म्हणजे मायक्रोफोन हातीं धरणाऱ्या माणसाचें शरीर! मुद्रणासाठीं माणूस धोक्यांत घालूं नये.

आतां दोष मुद्रणांतच असेल तर त्याचा आवाज ओळखावा. खर्जांतील संथ घूं विजेच्या पुरवठ्यांतून येते. भारतांतील घरगुती वीज दर सेकंदास ५० आवर्तनें करिते, आणि तिच्या पटींचे १००, १५० असे स्वरहि त्या घुंईंत मिसळतात. ‘सूंऽऽ’ अशी पावसाच्या सरीसारखी सळसळ असेल, तर ती वाढविण्याच्या क्रियेंतूनच येते. १९२८ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील जॉन्सन यांनीं प्रयोगानें व नायक्विस्ट यांनीं गणितानें दाखविलें, कीं विजेला विरोध करणाऱ्या प्रत्येक वाहकांत उष्णतेमुळें इलेक्ट्रॉनांची चळवळ सतत चालूं असते व तिच्यापासून असा आवाज होतच राहतो. तो समूळ जात नाहीं. पण मायक्रोफोन दोन वितींवरून एका वितीवर आणिला म्हणजे आवाजाचा दाब सुमारें दुप्पट होतो, पेटीची गेनची खुंटी तितकी मागें फिरवितां येते, आणि सळसळ मागें पडते. मात्र पंखा बंद केल्यावर ती थांबली, तर ती पंख्याचीच समजावी!

बारीक किरकिर येत असून संगणकाचें काम वाढतांच ती बदलत असेल, तर ती यूएसबीच्या विजेंतून येते. पेटी दुसऱ्या छिद्रास किंवा स्वतंत्र वीज असलेल्या हबला जोडून पाहावी. मधूनच तडतड होऊन शब्द तुटत असतील, तर दोष विजेचा नसून घाईचा असतो. संगणक आंकडे ‘बफर’ नांवाच्या लहान लहान घासांनीं घेतो. ६४ आंकड्यांचा घास ४८,००० च्या गतीनें सेकंदाच्या सातशेंपन्नासाव्या भागांतच येऊन ठेपतो. तेवढ्यांत पहिला पचला नाहीं तर ठसका लागावयाचाच. घास २५६ चा केला कीं संगणकास चौपट वेळ मिळतो. जवळचा मोबाइलहि कधीं ‘टर्रर्र’ असा आवाज घुसवितो. त्यास खोलीबाहेर ठेवावें.

शोध घेतांना एकच नियम पाळावा: एका वेळीं एकच बदल. प्रथम गेनची खुंटी शून्यावर न्यावी. आवाज तसाच राहिला, तर दोष पेटींत वा संगणकांत. गेला, तर मायक्रोफोन, तार किंवा खोली यांच्याकडे. नंतर तार बदलावी. नंतर लॅपटॉपचा चार्जर काढून केवळ बॅटरीवर मुद्रण करावें.

वरील नातवाचें गुपित याच शेवटच्या पायरीवर उघड होतें. चार्जर काढतांच घूं थांबते! त्याचा चार्जर दोन पिनांचा. अशा चार्जरमधून विजेचा अगदीं लहान अंश झिरपतो. लॅपटॉपच्या धातूस हात लाविल्यावर झिणझिण लागते ती यामुळेंच. त्या अंशास जमिनीकडे वाट नसल्यानें तो पेटीच्या तारांत रेंगाळतो. लॅपटॉपच्या निर्मात्याचाच तीन पिनांचा चार्जर मिळत असेल तर तो घ्यावा. पण जुन्या घरांत तिसरें छिद्र नुसतें शोभेचें असूं शकतें, म्हणून अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावें. तोंवर बॅटरीवर काम करावें. त्यास खर्च कांहींच नाहीं.

संगणकाच्या साहाय्यानें मागाहून घूं पुसतां येते खरी. पण तें नीरक्षीर वेगळें करणें कधींच पूर्ण साधत नाहीं, पाण्याबरोबर थोडें दूधहि जातें. म्हणून आजीबाईंना बसविण्यापूर्वीं सर्व जोडणी करून अर्धा मिनिट नुसत्या शांततेचें मुद्रण करावें व तें हेडफोन लावून ऐकावें. त्या शांततेंत जें ऐकूं येईल, तेंच पुढें प्रत्येक ओवीच्या मागें ऐकूं येणार आहे. ती शांतता निर्मळ झाली, कीं मगच म्हणावें, “आजी, आतां गा.”