मैदान रिकामं, गल्ला भरलेला

२०२० च्या एप्रिलमध्ये ‘रेसलमेनिया’ हा डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा सोहळा ऑर्लँडोच्या एका सराव केंद्रात, एकही प्रेक्षक नसताना झाला. मुळात तो टँपाच्या भल्यामोठ्या फुटबॉल मैदानावर व्हायचा होता. महासाथीमुळे त्या वर्षी मार्चनंतरचे दौरे बंद पडले आणि तिकीटविक्री जवळपास थांबली. पुढे रिंगणाभोवती पडदे उभारून घरी बसलेल्या चाहत्यांचे चेहरे त्यांवर दाखवायची वेळ आली. तरीही वर्षाचा हिशेब लागला तेव्हा कंपनीचा महसूल ९७ कोटी ४२ लाख डॉलर निघाला. आदल्या वर्षी, म्हणजे भरल्या मैदानांच्या वर्षी, तो ९६ कोटी ४ लाख होता. गर्दी जमवून पैसा करण्याच्या धंद्यात गर्दी नाहीशी झाली आणि उत्पन्नाचा उच्चांक झाला. या विसंगतीचा उलगडा एकच आहे. ही कंपनी कुस्ती दाखवते खरी, पण विकते ती दर आठवड्याचे ठरलेले दूरचित्रवाणीचे तास. तिचा गिऱ्हाईक मैदानातला चाहता नाही, तो प्रसारणाचे हक्क घेणारा आहे. तिच्या धंद्यातलं यश, तिची मग्रुरी आणि तिचा धोका या तिन्हींचं मूळ या एका गोष्टीत सापडतं.

पूर्वी हे गणित उलटं होतं. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्स या संघटनेत अमेरिकेतल्या प्रवर्तकांनी देश आपापसांत वाटून घेतला होता. प्रत्येकाचा आपला इलाखा, दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, आणि दूरचित्रवाणीवरच्या लढती म्हणजे शनिवारच्या तिकिटांची जाहिरात. व्हिन्स मॅकमॅहन यांनी १९८२ मध्ये वडिलांकडून ईशान्येकडचा इलाखा, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचं मूळ, विकत घेतला आणि हा करार धुडकावला. इतरांचे नामवंत पैलवान त्यांनी पळवले आणि आपला कार्यक्रम देशभरच्या वाहिन्यांवर नेला. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला पहिला रेसलमेनिया त्यांनी ठिकठिकाणच्या सभागृहांतल्या पडद्यांवर तिकीट लावून दाखवला. पुढे ‘पे-पर-व्ह्यू’ आलं आणि चाहत्याच्या घरातच तिकीटखिडकी उघडली. तरीही तोवर पैसा चाहत्याच्याच खिशातून, दर वेळी नव्यानं काढावा लागत होता. कथानक फसलं की त्या महिन्याचा गल्ला बसला, असा तो रोखीचा मामला होता.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: ज्या लढतींचा निकाल आधीच ठरलेला, त्या नुराकुस्तीला खेळाच्या धंद्याचे निकष कशाला लावायचे? आक्षेपातलं तथ्य कंपनीनं स्वतःच मान्य केलं आहे. १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे तिच्या बाजूनं सांगण्यात आलं की ही स्पर्धा नसून करमणूक आहे. त्यामागे प्रांजळपणा कमी आणि हिशेब जास्त होता, कारण खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर आले. पण धंद्याच्या दृष्टीनं हे ‘ठरवलेलं असणं’ हीच मोठी मालमत्ता ठरली. बेसबॉलचा किंवा फुटबॉलचा हंगाम संपतो, आवडता संघ लवकर बाद होतो, तारांकित खेळाडू ऐन मोक्याला फॉर्म गमावतो. डब्ल्यूडब्ल्यूईला हंगामच नाही. वर्षाचे बावन्न आठवडे कार्यक्रम चालतो, कोण जिंकणार हे कार्यालयात ठरतं, आणि उत्पन्नात वाटेकरी असणारे संघमालकही नाहीत. खेळाचा थेटपणा आणि मालिकेची हमी एकाच मालात मिळणं प्रसारकाला फार सोयीचं असतं.

या मालाची मालकीही पक्की आहे. रिंगणातली अनेक नावं कंपनीच्या नावावर नोंदवलेली असतात आणि चित्रीकरण तर सगळं तिचंच. ड्वेन जॉन्सन हा बहुधा या आखाड्यातून निघालेला जगातला सर्वांत प्रसिद्ध माणूस. पण ‘द रॉक’ या नावाचे हक्क त्यांना २०२४ च्या जानेवारीत, डब्ल्यूडब्ल्यूईच्या पालक कंपनीच्या संचालक मंडळावर जाताना झालेल्या करारात मिळाले. हॉलिवूड जिंकून वीस वर्षं झाल्यावर! मग बाकीच्यांची काय कथा.

प्रसारकावाचून या धंद्यात काय होतं, याचा दाखला प्रतिस्पर्ध्यानं दिला. टेड टर्नर यांच्या वाहिन्यांवर चालणाऱ्या डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीनं १९९६ ते १९९८ या काळात सलग दीडेक वर्ष सोमवारच्या प्रेक्षकसंख्येत मॅकमॅहन यांना मागे टाकलं होतं. पुढे तिचं कथानक भरकटलं आणि तोटा कोट्यवधी डॉलरांवर गेला. तरी शेवटचा घाव प्रेक्षकांनी घातला नाही. २००१ मध्ये टर्नर वाहिन्यांच्या नव्या व्यवस्थापनानं कुस्तीला वेळ द्यायचं नाकारलं. वेळ गेली तसे इच्छुक खरेदीदारही पांगले, आणि ही कंपनी मॅकमॅहन यांच्या पदरात काही दशलक्ष डॉलरांच्या किरकोळ किमतीला पडली. नावं तीच, पैलवान तेच, लाखो प्रेक्षकही होते. मात्र वाहिनीवरचे तास गेले आणि बाकीच्या सगळ्याचं मोल उतरलं.

त्यानंतरच्या दोन दशकांत एक विचित्र आलेख दिसतो. २००० च्या सुमारास भरात असलेल्या ‘रॉ’ या डब्ल्यूडब्ल्यूईच्या साप्ताहिक कार्यक्रमाचा अमेरिकेतला प्रेक्षक पुढच्या वीस वर्षांत निम्म्याहून खूप खाली आला, हक्कांची किंमत मात्र चढत गेली. केबलची गिऱ्हाइकं तुटत होती. मालिका आणि चित्रपट लोक सवडीनं पाहू लागले होते. ठरल्या वेळीच पाहायला हवं असं जे थोडं उरलं, त्याचा भाव वाढला. हे झुकतं माप कायम मिळेलच असं नव्हतं. २०१४ च्या मे महिन्यात नवा करार अपेक्षेपेक्षा कमी रकमेचा निघाला, तेव्हा कंपनीचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त कोसळला. त्या दिवशी रिंगणात काहीच बिघडलं नव्हतं. उलट २०१८ मध्ये ‘स्मॅकडाऊन’ या दुसऱ्या साप्ताहिक कार्यक्रमासाठी फॉक्स वाहिनीनं पाच वर्षांचे शंभर कोटी डॉलरांहून जास्त मोजायचं कबूल केलं, आणि म्हणूनच २०२० चं रिकामं वर्ष उच्चांकाचं ठरलं. मोक्याच्या जागेचं भाडं करारानं बांधलेलं असलं की दुकानात गिऱ्हाईक किती फिरकलं याची झळ जागामालकाला लगेच लागत नाही, तसंच हे. २०२२ मध्ये महसूल १२९ कोटींवर गेला. २०२३ मध्ये एंडेव्हर कंपनीनं डब्ल्यूडब्ल्यूईचं मोल ९३० कोटी डॉलर धरून तिला मिश्र युद्धकलेच्या लढती भरवणाऱ्या यूएफसीशी जोडलं आणि ‘टीकेओ’ नावाची कंपनी उभी राहिली. पुढे नेटफ्लिक्सनं ‘रॉ’साठी दहा वर्षांचा, ५०० कोटी डॉलरांहून मोठा करार केला.

यावर जाणकार म्हणतील की गेल्या काही वर्षांतली भरभराट कथानकांची आहे. पॉल लेव्हेक यांच्या हाती कथानकांची सूत्रं आल्यावर रोमन रेन्स आणि कोडी ऱ्होड्स या पैलवानांची कहाणी रंगली, मैदानं पुन्हा भरली, तिकिटं महागली. मग प्रेक्षक दुय्यम कसा? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. चाहत्यांनी पूर्ण पाठ फिरवली तर पुढच्या करारात हात पोळतील, हे खरंच. पण भरलेलं मैदानही आता तिसऱ्याच कोणाला तरी विकलं जातं. सौदी अरेबियाशी २०१८ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. तिथल्या सुरुवातीच्या कार्यक्रमांत महिला पैलवानांना जागा नव्हती. त्यांची पहिली लढत ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली. सौदी पत्रकार जमाल खशोग्जी यांच्या हत्येनंतर जगभर टीका होत असतानाही, त्यानंतर महिनाभरातच ठरलेला कार्यक्रम रियाधला पार पडला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थसारखी शहरंही पर्यटन वाढावं म्हणून सरकारी पैशानं असे सोहळे बोलावतात. गर्दी लागते, पण ती दाखवायला.

भारताचं स्थानही यातूनच कळतं. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढती पाहायला मुंबईनं कधीकाळी मैदानं भरली होती, तेव्हा ही आवड इथे नवी नाही. डब्ल्यूडब्ल्यूईचा चाहतावर्ग भारतात प्रचंड आहे. द ग्रेट खली २००७ मध्ये विजेता झाला, आणि २०१७ मध्ये पंजाबी वंशाच्या कॅनेडियन जिंदर महलच्या कमरेला पट्टा चढला. पण प्रत्यक्ष कार्यक्रम मोजकेच. २०२३ चा हैदराबादचा सोहळाही बऱ्याच वर्षांच्या खंडानंतरचा. इथला पैसा सोनीच्या करारातून येत होता, एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्सच्या करारातून येतो. चाहत्याचं तिकीट त्यात किरकोळ, म्हणून त्याच्या गावी यायची घाईही नाही.

या चोख व्यवहारात सर्वांत अशक्त बाजू पैलवानाची. कागदोपत्री तो कर्मचारी नसून ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. त्याची कामगार संघटना नाही. रिंगणातल्या दुखापतीवरचा खर्च कंपनी करते, आणि वरच्या फळीतले लाखो डॉलर मिळवतात, हे कंपनीच्या बाजूनं सांगायला हवं. पण उच्चांकी महसुलाच्या त्याच २०२० मध्ये, एप्रिलमध्ये, तिनं एका दिवसात अनेक पैलवानांना घरी पाठवलं. करार सुरक्षित असल्यानं वेगळी पावलं तिला सहज परवडली असती. कंपनीच्या सर्वेसर्वाच्या बाबतीतही हेच तर्कशास्त्र दिसलं. गैरवर्तनाच्या आरोपांनंतर मॅकमॅहन २०२२ मध्ये पायउतार झाले, परतले, आणि लैंगिक शोषणाच्या दाव्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये कायमचे बाहेर पडले. आरोप त्यांनी नाकारले आहेत. नेटफ्लिक्सचा करार त्याच आठवड्यात जाहीर झाला होता. त्याला धक्का लागला नाही.

तेव्हा निवाडा असा: गुंतवणूकदारासाठी ही विलक्षण हुशारीनं बांधलेली कंपनी आहे, कलावंतासाठी ती तितकी उदार नाही, आणि तिचा ताळेबंद हा तिच्या कुस्तीच्या दर्जाचा पुरावा मानू नये. नवा स्पर्धक एईडब्ल्यू २०१९ पासून टिकून आहे, तोही वाहिनीच्या कराराच्याच बळावर. डब्ल्यूडब्ल्यूईची खरी परीक्षा म्हणूनच कुठल्या रेसलमेनियात होणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारातून पाच वर्षांनी बाहेर पडायची मुभा नेटफ्लिक्सनं राखून ठेवली आहे.