समुद्रातील अरण्य आणि त्याची राखण

अरण्य म्हटले म्हणजे डोंगरउतारावरील वृक्षराजी डोळ्यांसमोर येते. परंतु ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत समुद्राच्या पोटातही एक अरण्य उभे होते. ते होते राक्षसी केल्प या तपकिरी शैवलाचे. या शैवलास खरी मुळे नसतात. बोटांसारख्या विळख्याने ते खडकास घट्ट धरून राहते आणि पानांच्या बुडाशी असलेल्या वायूच्या फुग्यांच्या आधाराने थेट पृष्ठभागापर्यंत चढते. त्याची उंची 30 मीटरपर्यंत जाते. परिस्थिती अनुकूल असल्यास ते एका दिवसात सुमारे अर्धा मीटर वाढते. त्याच्या छायेत मासे, शेवंड आणि ॲबालोन नावाची मोठी सागरी गोगलगाय यांचा निवास असे, आणि त्यांवर किनाऱ्यावरील कोळ्यांचा संसार चाले.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून या अरण्याचा सुमारे 95 टक्के भाग नाहीसा झाला. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने त्याची गणना संकटग्रस्त जीवसमूहांत केली.

हे कसे घडले? ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने एक उष्ण प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. त्याचा जोर वाढून तो टास्मानियापर्यंत अधिकाधिक पोहोचू लागला. परिणामी तेथील समुद्र जगाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला. 2015-16 मधील उष्णतेची लाट तर 251 दिवस टिकली. केल्पला थंड आणि नायट्रेटयुक्त पाणी लागते. या प्रवाहाचे पाणी उष्ण, शिवाय पोषकद्रव्यांनी दरिद्री. अरण्यावर अशी एकाच वेळी उष्मा आणि उपासमार ओढवली.

परंतु उष्णतेने याहून मोठे एक काम केले. तिने दार उघडले. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर सागरी अर्चिन या प्राण्याची एक जात राहते. चेंडूसारखा गोल देह आणि साळिंदरासारखे लांब काटे, असे त्याचे रूप. त्याचे सूक्ष्म डिंभ सुमारे तीन महिने पाण्याबरोबर वाहत जातात; मात्र पाणी 12 अंश सेल्सियसहून थंड असल्यास त्यांची वाढ नीट होत नाही. टास्मानियाचा हिवाळा हीच त्या बेटाची तटबंदी होती. ती ढासळली. 1978 मध्ये हा अर्चिन तेथे प्रथम आढळला, आणि 2017 च्या सुमारास पूर्व किनाऱ्यावरील सुमारे 15 टक्के खडक त्याने चरून ओसाड केले होते. केल्प संपल्यावरही तो मरत नाही. खडकावरील शेवाळाच्या पातळ थरावर वर्षानुवर्षे तग धरतो. त्यामुळे नवा अंकुर वर येऊच शकत नाही.

दुसरा पाहुणा जपानकडील. जपानी स्वयंपाकात वाकामे म्हणून ओळखले जाणारे शैवल 1988 मध्ये टास्मानियात आढळले. लाकडाच्या ढलप्या नेण्यासाठी येणारी जहाजे तोल राखण्याकरिता जे पाणी भरून आणीत, त्यातून ते आले असावे. जेथे मूळ शैवलांचे छत्र अभंग असते, तेथे त्याचा शिरकाव क्वचितच होतो. अर्चिनने उजाड केलेल्या खडकावर मात्र ते फोफावते.

येथेच या कथेचे मर्म आहे. जिवंत अरण्य स्वतःच स्वतःची राखण करीत असते. या राखणीत मोठ्या शेवंडीचाही वाटा होता. पूर्ण वाढलेल्या अर्चिनला फोडून खाणे केवळ थोराड शेवंडीलाच जमते. आणि वर्षानुवर्षांच्या मासेमारीत नेमकी तीच आधी जाळ्यात आणि पिंजऱ्यात सापडली. समुद्र तापविण्याचा दोष साऱ्या जगाचा. पहारेकरी काढून नेण्याचा दोष मात्र स्थानिक होता.

म्हणूनच काही उपायही स्थानिक आहेत. शेवंडीच्या पकडीवर मर्यादा घातल्या जात आहेत. अर्चिनच्या अंड्यांच्या पिशव्यांना बाजारात मागणी असल्याने पाणबुडे तो मोठ्या प्रमाणावर वेचून काढतात. उरलेल्या केल्पमधून उष्णता सोसणारी रोपे निवडून ती पुन्हा लावण्याचे प्रयोगही चालू आहेत. मात्र ओसाडी लहान असतानाच हात घातला तर यश मिळते. ती विस्तारल्यावर अर्चिन जवळजवळ निःशेष केल्याखेरीज अरण्य परतत नाही. अरण्य जमिनीवरचे असो वा पाण्यातले, ते गेल्यावर लावण्यापेक्षा असताना राखणे सोपे असते.