कूस बदलण्याची वेळ

बोईसर-तारापूरच्या कारखान्यात अपघात होतो, पालघरला कुणाला अर्धांगवायूचा झटका येतो. असा रुग्ण अनेकदा पुढे मुंबईला जातो आणि काही आठवड्यांनी सालवडसारख्या गावी घरी येतो, अंथरुणाला खिळलेला. मग घरच्यांना पहिली भीती वाटावी ती पडून राहून होणाऱ्या जखमेची, म्हणजे बेडसोरची.

केईएममधली खाट

27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला. गळा आवळल्याने मेंदूला गंभीर इजा झाली. 18 मे 2015 रोजी निधन होईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळले. त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या, कुशीवर वळवणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. 2011 साली दयामरणाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला. इतक्या वर्षांत अरुणांच्या अंगावर एकही बेडसोर झाला नव्हता. वैद्यकीय जगात याहून मोठी कामगिरी मला तरी सहज आठवत नाही.

जखम होते कशी?

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहते, तिथे रक्त पोचत नाही आणि मांस मरू लागते. माकडहाड, टाचा, खुबे या जागा आधी बिघडतात. लघवीची ओल, खाली घसरताना बसणारी ओढ आणि अपुरे जेवण यांनी भर पडते. खोल जखमेतून जंतुसंसर्ग रक्तात गेला तर जिवावर बेतते.

परिचारिकांचे शास्त्र

1962 मध्ये इंग्लंडच्या डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून धोका मोजण्याची गुणपट्टी मांडली. पुढे अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचारिकांनी ब्रेडन गुणपट्टी तयार केली. तिच्यात 6 ते 23 गुण असतात. गुण जितके कमी, तितका धोका जास्त. गुण 18 किंवा त्याहून कमी असले की वॉर्डातली सिस्टर सावध होते. कूस कधी बदलली, कातडी कशी दिसली, याची नोंद एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे जाते. पण वळवायला दोन माणसे लागतात. वॉर्डात सिस्टर कमी असल्या की आधी हेच काम मागे पडते, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

घरी काय करायचे?

साधारण दर दोन तासांनी कूस बदला. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. लाल झालेली जागा चोळू नका; तेल लावून रगडल्याने आतले मांस आणखी दुखावते. भोक असलेली गोल गादीही नको, तिच्या कडेने दाब वाढतो. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून जागा काळसर, गरम किंवा कडक लागते का, ते हात लावून पाहा.

डिस्चार्जच्या दिवशी बिल आणि औषधे यांच्या गडबडीत एक काम विसरू नका: सिस्टरला सांगा, ‘कूस कशी बदलायची ते एकदा दाखवा’, आणि तिच्यासमोर स्वतःच्या हाताने करून पाहूनच रुग्णाला घरी आणा.